शेरॉन जोन्स : चाळिशीनंतर गवसलेला सूर

अमेरिकेतील ऑगस्टा येथे १९५६ मध्ये जन्मलेल्या ‘सोल’ गायिका शेरॉन जोन्स यांचा गळा चर्चमध्ये घडला. ध्वनिमुद्रण व्यवसायाला मात्र त्यांचे रूप, वर्ण आणि वय खटकले. रायकर्स आयलंडच्या तुरुंगात पहारेकरी म्हणून त्यांनी चरितार्थ चालविला. १९९६ मध्ये एका ध्वनिमुद्रणासाठी साथीला तीन गायिका हव्या होत्या. तिघींचे काम जोन्स यांनी एकट्यानेच केले! ‘डॅप-किंग्ज’ वाद्यवृंदासह त्यांचा पहिला अल्बम आला तो २००२ मध्ये, वयाच्या पंचेचाळिशीनंतर. २०१३ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे निदान झाले. उपचारांनी केस गेले, तरी टोप न घालताच त्या रंगमंचावर नाचल्या, गायल्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये पक्षाघाताने वाचा गेली. अखेरच्या दिवसांत रुग्णालयात साथीदारांच्या सुरांत सूर मिसळून त्या भक्तिगीते गुणगुणत. १८ नोव्हेंबरला तो सूर थांबला.