परतीचा खर्च सोसणारा दुकानदार

ऑनलाइन दुकानातून मागविलेली एखादी कमी किमतीची वस्तू सदोष निघते. ग्राहक तक्रार नोंदवितो आणि थोड्याच वेळात त्याला निरोप येतो, की पैसे खात्यात जमा करण्यात येत आहेत, वस्तू परत पाठविण्याची आवश्यकता नाही. असा अनुभव प्रथमच घेणारा ग्राहक काहीसा चक्रावतो. वस्तूही आपल्याकडे आणि पैसेही आपल्याकडे, हा कुठला व्यापार, असा प्रश्न त्याला पडतो. यामागचा हिशेब मात्र सरळ आहे. वस्तू परत आणणे, तपासणे, पुन्हा बांधणे आणि विक्रीला ठेवणे यांचा खर्च कित्येकदा वस्तूच्या किमतीहून अधिक होतो. २०१७ मध्ये अमेझॉनने आपल्या विक्रेत्यांसाठी अशा परताव्याची सोय सुरू केली आणि इतर मोठ्या कंपन्यांनीही ही वाट धरली. परंतु न पाहता घेतलेल्या मालाच्या परतीचा भार विक्रेत्याने उचलावा, हा विचार ऑनलाइन व्यापाराहून शंभराहून अधिक वर्षांनी जुना आहे. त्याला व्यापारात रुजविणाऱ्यांमध्ये अग्रभागी असलेला गृहस्थ म्हणजे शिकागोचे व्यापारी एरन माँटगोमेरी वॉर्ड.

वॉर्ड यांचा जन्म १७ फेब्रुवारी १८४४ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या चॅटम येथे झाला. ते लहान असतानाच कुटुंब मिशिगन राज्यातील नाइल्स या गावी स्थलांतरित झाले. घरची परिस्थिती बेताचीच होती. चौदाव्या वर्षी शाळा सोडून त्यांना कामाला लागावे लागले. पिंपांसाठी लागणाऱ्या लाकडी फळ्यांच्या कारखान्यात आणि त्यानंतर वीटभट्टीवर त्यांनी दिवसाला काही सेंट मजुरीवर काम केले. पुढे सेंट जोसेफ या गावी ते दुकानात नोकरीला लागले. महिना सहा डॉलर पगार आणि राहण्याजेवण्याची सोय, अशी ही नोकरी होती. तिथे त्यांनी इतकी कर्तबगारी दाखविली, की तीन वर्षांत दुकानाचा सारा कारभार त्यांच्या हाती आला आणि पगार महिना शंभर डॉलरवर गेला. गावातल्या दुकानात कोण काय मागतो, कोणत्या भावाला कुरकुर करतो आणि कोणत्या मालावर त्याची फसगत होते, याचे शिक्षण त्यांना तिथे मिळाले.

१८६५ मध्ये वॉर्ड शिकागोला आले. मार्शल फील्ड यांच्या प्रख्यात पेढीत त्यांनी सुमारे दोन वर्षे नोकरी केली. त्यानंतर ते फिरते विक्रेते झाले. घाऊक व्यापाऱ्यांच्या वतीने मालाचे नमुने घेऊन रेल्वेने, घोडागाडीने खेडोपाडी हिंडायचे आणि गावातल्या दुकानदारांकडून मागणी नोंदवून घ्यायची, हे त्यांचे काम. या भटकंतीत शेतकऱ्यांची एक तक्रार त्यांच्या कानांवर सतत पडत असे. शेतमालाला मिळणारा भाव कमी आणि शेतकऱ्याला विकत घ्याव्या लागणाऱ्या वस्तूंचा भाव भरमसाट. मधले अडते, दलाल आणि किरकोळ दुकानदार आपापला नफा जोडत जात. पंचक्रोशीत दुकान एकच असल्याने दुसरीकडे जाण्याचीही सोय नसे. शिवाय माल खराब निघाला तर तो घेणाऱ्याचे नशीब, असाच व्यवहार होता. एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही, ही पाटी मराठी ग्राहकाच्याही चांगल्या परिचयाची आहे. त्या काळच्या अमेरिकेत असा नियम बहुतेक दुकानांत न लिहिताच पाळला जाई.

या अनुभवातून वॉर्ड यांच्या मनात एक योजना आकाराला आली. कारखानदारांकडून रोख पैसे देऊन मोठ्या प्रमाणावर माल घ्यायचा, मधल्या साऱ्यांना वगळून तो थेट शेतकऱ्याला रोखीने विकायचा आणि मागणी टपालाने घ्यायची. दुकानाचे भाडे नाही, फिरते विक्रेते नाहीत आणि बुडीत उधारीही नाही. त्यामुळे अल्प नफ्यावर माल विकणे शक्य होते. या योजनेसाठी त्यांनी पै पै साठवून माल जमविला. परंतु ऑक्टोबर १८७१ मध्ये शिकागो शहराचा मोठा भाग भीषण आगीत भस्मसात झाला आणि वॉर्ड यांचा मालही त्यात नष्ट झाला. त्यांनी पुन्हा नोकरी करून पैसे उभे केले आणि ऑगस्ट १८७२ मध्ये दोन सहकाऱ्यांसह सुमारे सोळाशे डॉलरच्या भांडवलावर धंदा सुरू केला. त्यांची पहिली मालयादी म्हणजे एक कागद होता. त्यावर १६३ वस्तू आणि त्यांच्या किमती छापलेल्या होत्या.

सुरुवात निराशाजनक होती. १८७३ मध्ये अमेरिकेत आर्थिक मंदीचे संकट कोसळले आणि दोन्ही भागीदार आपला वाटा घेऊन बाहेर पडले. वॉर्ड यांनी धीर सोडला नाही. त्यांचे साडू जॉर्ज थॉर्न भांडवल घेऊन धंद्यात आले आणि ही भागीदारी पुढे टिकली. मोठा आधार मिळाला तो ग्रेंज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शेतकरी संघटनेचा. १८६७ मध्ये स्थापन झालेली ही संघटना मध्यस्थांच्या जाचाविरुद्ध शेतकऱ्यांना एकत्र आणत होती. वॉर्ड यांनी आपली पेढी ग्रेंजच्या सभासदांना माल पुरविणारी पेढी म्हणून पुढे आणली आणि सभासदांना खास सवलती दिल्या.

तथापि खरी अडचण भांडवलाहून वेगळी होती. शेकडो मैलांवर राहणाऱ्या, कधीही न पाहिलेल्या माणसाला कष्टाचे पैसे पाठवायचे आणि न पाहिलेल्या मालाची वाट पाहायची, हे शेतकऱ्याला धोक्याचे वाटणे स्वाभाविक होते. टपालाने पैसे घेऊन नाहीसे होणाऱ्या भामट्यांचा त्या काळी सुळसुळाट होता. त्यातच १८७३ च्या अखेरीस शिकागो ट्रिब्यून या वजनदार दैनिकाने वॉर्ड यांच्या पेढीचा उल्लेख फसवी पेढी असा करून शेतकऱ्यांना सावध राहण्याचा इशारा दिला. इतके कमी भाव, दुकानाचा पत्ता नाही, विक्रेते दिसत नाहीत, तेव्हा हे सारे थोतांड असले पाहिजे, असा त्या मजकुराचा रोख होता. नव्या धंद्याचा गळा आवळण्यास एवढे पुरेसे होते. वॉर्ड यांनी दाद मागितली. दैनिकाने चौकशी केली आणि डिसेंबरमध्ये चूक कबूल करून पेढी सचोटीची असल्याचे छापले. वॉर्ड यांनी तोच मजकूर पुन्हा छापून ग्राहकांना वाटला. बदनामीचे त्यांनी प्रशस्तिपत्रक करून घेतले.

तरीही वृत्तपत्राच्या खुलाशाने एका वेळेचे निभावते, प्रत्येक व्यवहाराला विश्वास पुरवीत नाही, हे त्यांनी जाणले असावे. माल हाती आल्यावर पाहून मगच पैसे देण्याची सवलत त्यांनी देऊ केली. आपल्याकडच्या व्ही. पी. पद्धतीत पैसे भरल्यावर पुडके उघडता येते. इथे आधी पाहणी आणि मग पैसे, असा क्रम होता. १८७५ मध्ये ते आणखी पुढे गेले. माल पसंत पडला नाही तर तो परत घेतला जाईल, जाण्यायेण्याचा सारा खर्च पेढी सोसेल आणि भरलेली रक्कम परत केली जाईल, अशी हमी त्यांनी जाहीर केली. पैसे परत देण्याचे वचन देणारे ते पहिलेच व्यापारी नव्हते. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये चिनी मातीच्या भांड्यांचे निर्माते जोसाया वेजवूड यांनी, तर वॉर्ड यांच्याच काळात फिलाडेल्फियात जॉन वॉनामेकर यांनी अशी हमी दिली होती. वॉर्ड यांनी ती शेकडो मैलांवरच्या अनोळखी ग्राहकाला दिली, त्यातही परतीच्या वाहतुकीच्या खर्चासह दिली, हे त्यांचे वेगळेपण.

या एका वचनाने व्यवहारातला धोका ग्राहकाच्या खांद्यावरून विक्रेत्याच्या खांद्यावर आला. लबाड ग्राहकाला त्यात वाव होता. वस्तू वापरून परत करणारे, तक्रारीचे निमित्त काढणारे निघणारच होते. परंतु त्यांच्यामुळे होणारे नुकसान प्रामाणिक ग्राहकांच्या वाढत्या मागणीतून भरून निघेल, असा वॉर्ड यांचा हिशेब होता. हमीचा परिणाम पेढीच्या अंतर्गत कारभारावरही झाला. परत येणारी प्रत्येक वस्तू पदरमोड करायला लावत असल्याने मालयादीतले वर्णन अचूक असणे, माल नीट पारखून घेणे आणि तो व्यवस्थित बांधून पाठविणे हे विक्रेत्याच्याच हिताचे ठरले. यादीतला मजकूर वॉर्ड बरीच वर्षे स्वतः लिहीत. १८८३ मध्ये यादी २४० पानांची झाली होती आणि तीत दहा हजार वस्तू होत्या. शिलाई यंत्रांपासून नांगरापर्यंत आणि टोप्यांपासून वाद्यांपर्यंत सारे काही तीत मिळू लागले.

खेड्यातल्या घरांत ही मालयादी आवडीने वाचली जाई. मुले तिच्यातली चित्रे कापत, शेतकरी तिच्यावरून स्थानिक दुकानदाराशी घासाघीस करीत. वॉर्ड यांच्यावर लोकांचा एवढा विश्वास बसला, की खासगी बाबींतला सल्ला विचारणारी, इतकेच काय, लग्नासाठी मुलगी पाहून द्या अशी विनंती करणारीही पत्रे पेढीकडे येत. गावोगावचे दुकानदार मात्र संतप्त झाले. काही ठिकाणी मालयाद्यांच्या होळ्या पेटविण्यात आल्या. त्यांचा राग अनाठायी म्हणता येणार नाही. अडीअडचणीला उधार देणारा आणि सुखदुःखात सामील होणारा गावचा दुकानदार या नव्या व्यापारात मागे पडत होता. ऑनलाइन खरेदीमुळे कोपऱ्यावरच्या दुकानावर ओढवलेल्या संकटाची जी चर्चा नंतर झाली, तिचा पूर्वरंग तिथे दिसतो.

पुढे रिचर्ड सिअर्स यांच्यासारखे तगडे प्रतिस्पर्धी उभे राहिले आणि त्यांनीही पैसे परत देण्याच्या हमीचाच आधार घेतला. १९१२ मध्ये मेन राज्यातील लिऑन बीन यांनी टपालाने विकलेल्या शिकारी बुटांच्या पहिल्या शंभर जोड्यांपैकी नव्वद परत आल्या. बीन यांनी सर्वांचे पैसे परत केले, कर्ज काढून बूट सुधारले आणि त्याच सचोटीवर मोठी कंपनी उभारली. वॉर्ड यांनी मळलेली वाट आता राजमार्ग झाली होती.

१८९३ मध्ये वॉर्ड यांनी कंपनीतला मोठा वाटा थॉर्न यांना विकला. नावापुरते ते अध्यक्ष राहिले, पण त्यांचे लक्ष एका निराळ्याच कामात गुंतले होते. शिकागोच्या मिशिगन ॲव्हेन्यूवरील त्यांच्या कार्यालयासमोर सरोवराकाठची मोकळी जागा होती. १८३६ च्या नकाशात ही जागा कायम मोकळी आणि इमारतींपासून मुक्त राहील, असे लोकांना वचन दिलेले होते. प्रत्यक्षात तिथे कचरा, पडव्या आणि नव्या इमारतींचे बेत उभे राहत होते. १८९० मध्ये वॉर्ड न्यायालयात गेले. हा लढा दोन दशके चालला. मार्शल फील्ड यांच्या देणगीतून या जागेवर संग्रहालय बांधण्याचा बेत आला, तेव्हा आपल्या जुन्या मालकाच्या त्या बेतालाही त्यांनी विरोध केला. वृत्तपत्रांनी आणि शहरातल्या प्रतिष्ठितांनी त्यांना प्रगतीचा शत्रू ठरविले. अखेर १९११ पर्यंत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी त्यांच्या बाजूने निर्णय दिले. ग्रँट पार्कची विस्तीर्ण हिरवळ मोकळी राहिली, ती या खटल्यांमुळे. छापील शब्द दिला की तो पाळला पाहिजे, ही त्यांची व्यापारातली भूमिका इथेही कायम होती.

१ जानेवारी १९१३ रोजी अमेरिकेत सरकारी पार्सल सेवा सुरू झाली आणि टपाली व्यापाराला नवे बळ मिळाले. त्याच वर्षी, ७ डिसेंबर रोजी, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी वॉर्ड यांचे निधन झाले. न्यूयॉर्कच्या ग्रोलिअर क्लबने १९४६ मध्ये अमेरिकेच्या जीवनावर प्रभाव टाकणाऱ्या शंभर पुस्तकांची निवड केली, तेव्हा तीत वॉर्ड यांच्या मालयादीलाही स्थान मिळाले. कंपनीने १९२६ पासून दुकाने उघडली आणि १९८५ मध्ये मालयादी बंद केली. स्पर्धेत मागे पडलेल्या कंपनीने डिसेंबर २००० मध्ये कारभार गुंडाळत असल्याचे जाहीर केले. पुढे २००४ मध्ये दुसऱ्या व्यावसायिकांनी हे नाव घेऊन इंटरनेटवर विक्री सुरू केली, तेव्हा वॉर्ड यांचे नाव नव्या जमान्यातल्या दूरस्थ व्यापारात परतले.

वस्तू न मागता पैसे परत करणाऱ्या आजच्या कंपन्यांच्या औदार्यात संगणकाचा हिशेब आहे. ग्राहकाचा पूर्वेतिहास आणि वस्तूची किंमत पाहून ही सवलत दिली जाते आणि तिचा गैरफायदा घेणाऱ्यांची नोंदही ठेवली जाते. बीन यांच्या कंपनीनेही २०१८ मध्ये आजन्म परतीची सोय बंद करून एक वर्षाची मुदत घातली. ग्राहकांचा गैरवापर हे त्यामागचे कारण होते. अशी हमी टिकते ती दोन्ही बाजूंच्या सचोटीवर. वॉर्ड यांच्यापाशी ग्राहकाचा पूर्वेतिहास नव्हता, त्याचा चेहराही त्यांनी पाहिला नव्हता. तरी खेड्यातल्या शेतकऱ्याचे म्हणणे खरे मानून त्यांनी परतीचे भाडे स्वतःच्या खिशातून देण्याचे मान्य केले. दुकानदाराने आधी विश्वास ठेवला आणि मग गिऱ्हाइकाने ठेवला. घरबसल्या खरेदी करणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला मिळणारी परताव्याची सोय त्या पहिल्या विश्वासाची ऋणी आहे.