दांडग्या वायूला वेसण

शिरोली एमआयडीसीतल्या जुन्या फौंड्रीवाल्यांना फ्लोरस्पार नवा नाही. कुपोला भट्टीत लोखंड, कोक आणि चुनखडी यांच्या बरोबरीने हा दगड थोडासा टाकला की स्लॅग पातळ होतो आणि सहज वाहून जातो. कधी हिरवट, कधी जांभळट, काचेसारखा दिसणारा हा दगड. गुजरातेत आंबाडुंगरला तो सापडतो, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातही आहे. माझी नोकरीची वर्षे फौंड्रीच्या प्रयोगशाळेत लोखंडातला कार्बन आणि सिलिकॉन मोजण्यात गेली. त्यामुळे ज्या माणसाने या दगडाच्या पोटातला वायू पहिल्यांदा मोकळा केला आणि पुढे विजेच्या भट्टीत अशक्य वाटणारे धातू वितळवले, त्याच्याविषयी मला नेहमीच घरच्यासारखी जवळीक वाटत आली आहे. त्याचे नाव आंरी म्वासां.

म्वासांचा जन्म २८ सप्टेंबर १८५२ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रेल्वे कंपनीत साध्या नोकरीवर, आई शिवणकाम करून संसाराला हातभार लावणारी. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही कामगार वस्तीत शोभेल असे घर. पुढे कुटुंब मो नावाच्या लहान गावी राहायला गेले. तिथे शाळा झाली, पण विद्यापीठात प्रवेश मिळवून देणारी परीक्षा हाती न लागताच १८७० साली त्याला शाळा सोडावी लागली. काही दिवस तो घड्याळजीकडे उमेदवारी करत होता. नंतर पॅरिसमध्ये एका औषधाच्या दुकानात कामाला लागला. रसायनशास्त्राची गोडी लागली ती तिथे, बाटल्या भरता-पुसताना. राहिलेली परीक्षा त्याने १८७४ साली दिली आणि मगच पुढच्या शिक्षणाची वाट मोकळी झाली. १८८२ साली लेओनी ल्युगां हिच्याशी त्याचे लग्न झाले. सासरे मो गावचे औषधविक्रेते. त्यांनी जावयाला पैशाचे पाठबळ दिले, म्हणून त्याला पोटाची चिंता न करता संशोधन करता आले. आपल्याकडे सासऱ्याची मदत घेणाऱ्या जावयाला टोमणे ऐकावे लागतात. इथे मात्र त्या मदतीची परतफेड साऱ्या जगाला मिळाली.

त्या काळी रसायनशास्त्रात एक मोठे कोडे होते. फ्लोरस्पारमध्ये एक अज्ञात मूलद्रव्य आहे, हे सगळ्यांना पटले होते. त्याला फ्लोरीन हे नावही मिळाले होते. पण ते सुटे करून कुणी पाहिले नव्हते. कारण ते सुटले की समोर येईल त्याला धरते. काच खाते, धातू खाते, पाण्यालाही सोडत नाही. ज्या भांड्यात काढावे ते भांडेच गिळते! त्यातच ज्या हायड्रोफ्लोरिक आम्लातून ते काढायचे, ते आम्ल महाविषारी. सर हम्फ्री डेव्हीसारख्या दिग्गजाला त्याचा त्रास भोगावा लागला. आयर्लंडचे नॉक्स बंधू त्यापायी गंभीर आजारी पडले. बेल्जियमचा लुये आणि फ्रान्सचा निक्लेस हे तर या शोधात जिवाला मुकले. म्वासांचे गुरू एदमाँ फ्रेमी यांनीही प्रयत्न केले, पण यश हुलकावणी देत राहिले.

म्वासांने या दांडग्याशी कुस्ती धरली नाही. त्याने आधी त्याला ठेवायचे कशात याचा विचार केला. प्लॅटिनमची इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची नळी घेतली. प्लॅटिनम-इरिडियमचे इलेक्ट्रोड वापरले. सारे उपकरण उणे पन्नास अंशांच्या आसपास थंड केले, म्हणजे वायूचा तापटपणा जरा कमी होईल. आणि नळीच्या तोंडाला बुचे बसवली ती फ्लोरस्पारची! जो दगड आधीच फ्लोरीनने तृप्त झालेला आहे, त्याला फ्लोरीन आणखी काय खाणार? काट्याने काटा काढावा तो असा. २६ जून १८८६ रोजी नळीच्या तोंडाशी धरलेले सिलिकॉन आपोआप पेटले आणि फ्लोरीन मोकळा झाल्याची खात्री पटली.

फ्रेंच विज्ञान अकादमीने खातरजमेसाठी बेर्तलो, दब्रे आणि खुद्द फ्रेमी यांना पाठवले. पाहुणे आले आणि यंत्र रुसले! वायूचा बुडबुडाही दिसेना. कारण मोठे मजेचे होते. थोरांसमोर प्रयोग करायचा म्हणून म्वासांने आम्ल जास्तीत जास्त शुद्ध केले होते आणि अतिशुद्ध आम्लातून वीज वाहतच नाही. आधीच्या आम्लात पोटॅशियमच्या क्षाराचा अंश होता, त्यानेच काम केले होते. तो क्षार घातल्यावर पुढचा प्रयोग बिनचूक झाला. ज्या कामात गुरूंना यश आले नव्हते, त्यात शिष्य जिंकल्याचे गुरूंनीच पाहिले.

१८९२ साली म्वासांने चुन्याचे दोन ठोकळे एकावर एक ठेवून त्यांत विजेच्या ठिणगीची भट्टी केली. तिचे तापमान साडेतीन हजार अंशांपर्यंत जाई. तिच्यात त्याने टंगस्टनसारखे हट्टी धातू आणि अनेक कार्बाइड तयार केले. हिरे बनवायचाही ध्यास घेतला. वितळलेल्या लोखंडात कार्बन मुरवून ते एकदम थंड केले, तर आतल्या दाबाने हिरा बनेल असा त्याचा होरा. त्याला मिळालेले बारीक कण हिरे होते, हे पुढे सिद्ध झाले नाही. मात्र प्रयोगशाळेत खरा हिरा १९५४ साली अमेरिकेत बनला, तेव्हाही प्रचंड दाबाखालच्या वितळलेल्या धातूनेच साथ दिली. उल्केच्या दगडात त्याला सिलिकॉन कार्बाइड नैसर्गिक रूपात सापडले. त्या खनिजाला आज त्याच्याच नावाने मॉइसनाइट म्हणतात. हेच सिलिकॉन कार्बाइड, पण कारखान्यात बनवलेले, फौंड्रीत बिडाच्या रसात घातले जाते.

पण फ्लोरीनला माणसाळवण्याचे काम म्वासांच्या हयातीत अर्धेच झाले. कार्बनच्या संयुगांशी त्याची थेट गाठ घातली की बहुधा भडका किंवा स्फोट होई. यावर तोड निघाली ती पुढच्या पिढ्यांत, आणि तीही आयोडीनच्या मध्यस्थीने. आयोडीन म्हणजे आपल्या घरातल्या टिंक्चर आयोडीनमधला. १९४९ साली इंग्लंडमध्ये हॅझेल्डीन या तरुण रसायनशास्त्रज्ञाने कार्बनला तीन फ्लोरीन आणि एक आयोडीन जोडलेला रेणू इथिलीन वायूशी जुळवून दाखवला.

गृहिणींना हे फुगडीवरून चटकन समजेल. त्या रेणूत फ्लोरीनची पकड घट्ट, आयोडीनची सैल. प्रकाश पडला किंवा उष्णता मिळाली की आयोडीनचा हात सुटतो आणि एक हात रिकामा असलेला तुकडा उरतो. असे तुकडे असू शकतात हे मोझेस गोम्बर्ग यांनी १९०० सालीच दाखवले होते. रसायनशास्त्रात त्यांना मुक्त मूलक म्हणतात. इथिलीनमध्ये दोन कार्बन एकमेकांचे दोन्ही हात धरून उभे असतात. मोकळा तुकडा येतो, त्यातला एक हात सोडवून स्वतः धरतो. आता दुसऱ्या कार्बनचा हात रिकामा! तो शेजारच्या रेणूतला आयोडीन ओढून घेतो आणि तिथे नवा मोकळा तुकडा तयार होतो. एक सुटला की दुसरा, अशी साखळी चालू राहते. ना स्फोट, ना भडका. पाणी आणि तेल दोन्ही झटकणारे कापड, गालिचे, आग विझवणारे फेस यांसाठी लागणारी अनेक रसायने या वाटेने आली.

या यशाला दुसरी बाजू आहे. कार्बन आणि फ्लोरीनची गाठ इतकी पक्की की निसर्गाला ती सहसा सोडवता येत नाही. या कुळातली कित्येक रसायने पाण्यात, मातीत आणि माणसाच्या रक्तात वर्षानुवर्षे टिकतात. इटलीत व्हिचेन्झाजवळच्या त्रिस्सिनो गावी अशी रसायने करणाऱ्या कारखान्यामुळे मोठ्या परिसराचे पिण्याचे पाणी दूषित झाले. कारखाना २०१८ साली दिवाळखोरीत गेला. त्याची यंत्रसामग्री लिलावात विकली गेली आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात लोटे-परशुरामला आली. कोल्हापूरहून घाट उतरून गेले की ते काही फार दूर नाही. इचलकरंजीच्या कापडापासून शिरोलीच्या बिडापर्यंत उद्योगावर पोट असणाऱ्या आपल्या मुलखाने कारखान्यांना नाके मुरडू नयेत. पण आत काय तयार होते आणि बाहेरच्या पाण्यात काय जाते, हे विचारण्याचा हक्क मात्र सोडू नये.

म्वासांला १९०६ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. मूलद्रव्यांचा तक्ता मांडणारे मेंडेलीव्ह त्या वेळी थोडक्यात मागे राहिले. पण नियती कशी पाहा! १९०७ च्या फेब्रुवारीत आधी मेंडेलीव्ह गेले आणि त्याच महिन्याच्या वीस तारखेला म्वासांही अपेंडिक्सच्या दुखण्याने गेला. वय अवघे ५४. एकुलता मुलगा लुई १९१४ च्या महायुद्धात पहिल्याच महिन्यात कामी आला.

घर असे विझले, पण शिकवण उरली. म्वासांच्या आधी अनेकजण फ्लोरीन काढायला धावले. त्याने त्याला सांभाळणारे भांडेही शोधले. त्याच्या वायूपासून आज आपण न तुटणारी रसायने बनवतो, त्यांना सांभाळणारे भांडे मात्र अजून पुरते सापडलेले नाही. रसायनशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलांनी घ्यावे असे हे काम आहे.