एडिसनची बॅटरी आणि माझा मोबाइल

पाचगणीत पावसाळ्यात लाइट जाणं नेहमीचंच. त्यामुळे घरी एक सवय लागली, लाइट आली की मोबाइल चार्जिंगला लावायचा आणि सकाळपर्यंत विसरायचं. मागच्या वर्षी फोनची पाठच फुगून वर आली! म्हणून बॅटरीबद्दल वाचायला घेतलं आणि भेटले थॉमस अल्वा एडिसन. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या.)

जन्म ११ फेब्रुवारी १८४७, ओहायोत. शाळा जेमतेम काही महिने, पुढे आईनेच शिकवलं. फोनोग्राफ (१८७७) आणि बल्ब (१८७९) सगळ्यांना पाठ आहेत, म्हणून सोडून देते. बॅटरीशी मात्र त्यांचं वैर जुनं. १८६७ साली लुईव्हिलच्या तार ऑफिसात नाइट ड्यूटीवर प्रयोग करताना बॅटरीचं सल्फ्युरिक अ‍ॅसिड सांडलं, फळ्यांच्या फटींतून खालच्या मजल्यावर साहेबांच्या टेबलावर ठिबकलं, आणि सकाळी नोकरी गेली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विजेच्या मोटारी बऱ्यापैकी होत्या, पण त्यांच्या शिशाच्या बॅटऱ्या भयंकर जड. एडिसननी अ‍ॅसिड सोडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात निकेल आणि लोखंड वापरलं. १९०३ च्या सुमारास माल बाजारात आला आणि थोड्याच काळात बॅटऱ्या गळायला लागल्या, क्षमताही घटली. तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले, नाव जगभर. कसंतरी निभावून नेता आलं असतं. पण त्यांनी उत्पादन थांबवलं, विकलेल्या बॅटऱ्या परत घेतल्या आणि पुन्हा प्रयोगाला बसले. सुधारलेली बॅटरी यायला १९०९ उजाडलं. तोवर फोर्डची मॉडेल टी आली होती, आणि १९१२ मध्ये कॅडिलॅकला सेल्फ-स्टार्टर बसल्यावर विजेच्या मोटारींचं दुकानच उठलं. मला इथे खरंच वाईट वाटलं. बॅटरी मात्र चालली, रेल्वेच्या सिग्नलला, खाणकामगारांच्या दिव्यांना.

ती होती फार सहनशील. फुल्ल झाल्यावर करंट चालूच राहिला, तर द्रावणातल्या पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन व्हायचा. वरून डिस्टिल्ड वॉटर घातलं की काम झालं. लिथियमचं तसं नाही. नेहमीचा सेल ४.२ व्होल्टला पोचला की व्होल्टेज तिथेच धरायचं आणि करंट उतरू द्यायचा. तो सुरुवातीच्या साधारण दहाव्या-विसाव्या भागावर आला की पूर्ण बंद. थोडा थोडा करंट देत राहायची जुनी पद्धत इथे चालत नाही, कारण जास्तीचं लिथियम ग्राफाइटवर धातू होऊन साचतं आणि आतून शॉर्ट होऊ शकतं. व्होल्टेज जरा खाली आलं की मगच पुन्हा चार्जिंग. हे काम फोनमधली चिप करते, भिंतीवरचा ठोकळा नुसता अडॅप्टर! पण चिपने बरोबर बंद केलं तरी भरलेली बॅटरी रात्रभर उशीखाली गरम राहिली की लवकर म्हातारी होते. मी नेमकं तेच करत होते.

एडिसन १८ ऑक्टोबर १९३१ रोजी वेस्ट ऑरेंजच्या घरी वारले. त्यांची बॅटरी त्यानंतरही चाळीसेक वर्षं अमेरिकेत बनत होती.