विश्लेषण : जीपीएस बंद पडले तरी क्षेपणास्त्र लक्ष्यापर्यंत कसे पोहोचते? काय आहे चार्ल्स ड्रेपर यांचे तंत्र?

उपग्रहाचे संकेत जॅम केले, रडार बंद पाडले, तरीही क्षेपणास्त्र शेकडो किलोमीटरवरचा ठरलेला बिंदू गाठू शकते. यामागे ‘इनर्शियल नेव्हिगेशन’ हे तंत्र आहे. ते प्रत्यक्ष वापरात आणण्यात सर्वात मोठा वाटा अमेरिकी अभियंते चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांचा. याच तंत्राने माणूस चंद्रावर गेला आणि अण्वस्त्रेही अचूक झाली. त्यामुळेच ड्रेपर यांना आपल्याच विद्यापीठात विरोधाला सामोरे जावे लागले.

कोण होते ड्रेपर?

मिसुरी राज्यातील विंडसर या गावी २ ऑक्टोबर १९०१ रोजी त्यांचा जन्म झाला. स्टॅनफर्डमधून १९२२ मध्ये त्यांनी मानसशास्त्राची पदवी घेतली आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे ‘एमआयटी’त प्रवेश घेतला. पुढची जवळपास सगळी कारकीर्द तिथेच गेली. ते विमान चालवायला शिकले. कॉकपिटमधील उपकरणे किती अपुरी आहेत, हे त्यांनी स्वतः अनुभवले. एमआयटीत त्यांनी ‘इन्स्ट्रुमेंटेशन लॅब’ उभारली.

दुसऱ्या महायुद्धात त्यांचे ‘मार्क १४’ हे उपकरण अमेरिकी युद्धनौकांवरील विमानविरोधी तोफांवर बसले. वेगात जाणाऱ्या विमानाच्या किती पुढे नेम धरायचा, हे ते जायरोस्कोपच्या मदतीने ठरवत असे.

हे तंत्र चालते कसे?

डोळ्यांवर पट्टी बांधून गाडीत बसले, तरी गाडीने वेग घेतला की पाठ सीटला टेकते आणि वळण आले की अंग एका बाजूला झुकते. हे धक्के नेमके मोजून त्यांचा हिशेब ठेवला, तर गाडी कुठे पोहोचली ते सांगता येईल. क्षेपणास्त्रात हेच होते. परस्परांना काटकोनात बसवलेले तीन अ‍ॅक्सेलरोमीटर वेगातील बदल मोजतात, तर जायरोस्कोप दिशा सांगतात. वेगातील बदलांवरून वेग, वेगावरून अंतर असा हिशेब सतत चालू राहतो. बाहेरून कोणताही संकेत घ्यावा लागत नाही, त्यामुळे जॅम करण्यासारखे काही उरतच नाही.

मग अडचण काय होती?

चुका साचत जातात. अ‍ॅक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणाच्या अवघ्या एक हजारांश भागाने चुकला, तर मिनिटभरात सुमारे १८ मीटरची आणि दहा मिनिटांत जवळपास १,७०० मीटरची गफलत होते. मोबाइलमध्येही असे सेन्सर असतात. स्क्रीन आडवी-उभी होते ती त्यांच्यामुळेच. पण केवळ त्यांच्या भरवशावर मोबाइलला फार वेळ वाट सापडत नाही, त्याचे कारण हेच.

ड्रेपर यांनी जायरोस्कोप बंद डब्यात, दाट द्रवात तरंगता ठेवला. बेअरिंगवरचा भार आणि घर्षण जवळजवळ संपले आणि चूक कमालीची घटली. दुसरा आक्षेप प्रख्यात भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमो यांचा होता. बंद पेटीतल्या उपकरणाला गुरुत्वाकर्षण आणि विमानाचा वेग वाढणे यांतला फरक कळणार कसा? यावर उपाय म्हणजे ८४ मिनिटांच्या झोक्याच्या लंबकासारखी यंत्रणा. विमान कितीही वेग घेवो, तिची ‘खालची’ दिशा पृथ्वीच्या केंद्राकडेच राहते.

फेब्रुवारी १९५३ मध्ये या तंत्राची कसोटी लागली. एक टनाहून जड असलेली ‘स्पायर’ ही यंत्रणा बी-२९ विमानात बसवून मॅसॅच्युसेट्समधील बेडफर्डहून लॉस एंजेलिसपर्यंत नेण्यात आली. सुमारे १२ तासांच्या प्रवासात विमानाला वाट दाखवली ती या पेटीनेच.

चंद्र आणि अण्वस्त्र, दोन्हीकडे एकच तंत्र?

होय. पाणबुडीतून डागल्या जाणाऱ्या ‘पोलारिस’ क्षेपणास्त्राची दिशादर्शन यंत्रणा ड्रेपर यांच्या लॅबने तयार केली. जुलै १९६० मध्ये पाण्याखालून त्याची यशस्वी चाचणी झाली. पुढच्याच वर्षी ‘नासा’ने अपोलो यानाच्या दिशादर्शनाचे काम याच लॅबला दिले. यंत्रणेवर विश्वास नसेल तर आपल्यालाच यानातून पाठवा, अशी तयारी साठीतील ड्रेपर यांनी पत्राने कळवली होती. अपोलोत साचलेली चूक ताऱ्यांकडे पाहून दुरुस्त केली जाई. ‘ट्रायडेंट’ क्षेपणास्त्रही उड्डाणात ताऱ्यांचा आधार घेते.

विरोध का झाला?

व्हिएतनाम युद्धाच्या काळात, नोव्हेंबर १९६९ मध्ये विद्यार्थ्यांनी लॅबसमोर निदर्शने केली. विद्यापीठाने अण्वस्त्रे अधिक अचूक करण्याचे काम करावे का, हा त्यांचा सवाल होता. देशाच्या संरक्षणासाठी हे काम आवश्यक आहे, या मतावर ड्रेपर ठाम होते. अखेर एमआयटीने लॅबपासून फारकत घेण्याचा निर्णय घेतला. लॅबला ड्रेपर यांचे नाव मिळाले, पण संचालकपद त्यांच्याकडे राहिले नाही. १९७३ मध्ये ती स्वतंत्र ना-नफा संस्था झाली. २५ जुलै १९८७ रोजी ड्रेपर यांचे निधन झाले.

आज या तंत्राचे स्थान काय?

इनर्शियल यंत्रणा क्षेपणास्त्राला ‘आपण कुठे आहोत’ एवढेच सांगते. चालत्या जहाजासारखे लक्ष्य असेल, तर अखेरच्या टप्प्यात रडार किंवा उष्णता टिपणारा ‘सीकर’ लागतो. ‘ब्रह्मोस’ वाटेत इनर्शियल आणि उपग्रह यंत्रणेचा, तर शेवटी रडार सीकरचा वापर करते. ‘अग्नि-५’मध्ये फिरत्या चाकाच्या जायरोऐवजी लेझर जायरो आहे.

अभियांत्रिकीतील मानाचा ‘ड्रेपर पुरस्कार’ २००३ मध्ये जीपीएसच्या दोन शिल्पकारांना मिळाला. मात्र युद्धभूमीवर सर्वात आधी जॅम होते ते जीपीएसच. तेव्हा क्षेपणास्त्राचा भरवसा पुन्हा ड्रेपर यांच्या बंद पेटीवरच असतो.