विश्लेषण : मॉलमधल्या कर्मचाऱ्यांच्या कमरेला वॉकीटॉकी आला कुठून? कोण होते अल ग्रॉस?

सुपरमार्केटमध्ये बिलाच्या रांगेत तुमचा नंबर येतो आणि नेमका तुमच्याच पाकिटावरचा बारकोड फाटलेला निघतो. काउंटरवरची मुलगी फोन लावत नाही. खांद्याजवळचे बटण दाबून दोन शब्द बोलते आणि मिनिटभरात किराणा विभागातला मुलगा दुसरे पाकीट घेऊन हजर होतो. नंबर शोधायचा नाही, रिंगची वाट पाहायची नाही आणि एकाचे बोलणे त्या चॅनलवरच्या सगळ्यांना एकदम ऐकू जाते. तळघरातल्या गोदामात मोबाइलची रेंज गेली तरी बिघडत नाही, कारण या संभाषणात टॉवरच नसतो. स्मार्टफोनच्या जमान्यातही मोठ्या दुकानांनी वॉकीटॉकी सोडलेला नाही, तो यामुळे.

हा संच मुठीत मावावा यासाठी ज्यांनी सर्वात आधी खटपट केली, त्यात अल ग्रॉस यांचे नाव घ्यावे लागते. त्यांनी पेजर केला, सामान्य माणसाच्या हातात रेडिओ दिला, मनगटावरच्या रेडिओची कल्पना मांडली. पैसा मात्र फारसा हाती लागला नाही.

बोटीवरची खोली

आल्फ्रेड ग्रॉस यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९१८ रोजी कॅनडातील टोरंटो शहरात झाला. आईवडील रुमानियातून आलेले ज्यू. कुटुंब पुढे अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड येथे गेले. आल्फ्रेड नऊ वर्षांचा असताना घरची मंडळी ईरी सरोवरावर बोटीने निघाली होती. बोटभर भटकणारा हा मुलगा रेडिओच्या खोलीत शिरला. ऑपरेटरने हाकलून न देता त्याला ऐकू दिले. घरी परतल्यावर तळघरात भंगारातल्या सुट्या भागांचा ढीग जमू लागला. १९३४ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याला हौशी रेडिओचा परवाना मिळाला.

उंच वारंवारतेचा हट्ट कशासाठी?

अँटेनाची सोयीची लांबी साधारण तरंगलांबीच्या पाव भाग असते. ३० मेगाहर्ट्झवर तरंगलांबी १० मीटर, म्हणजे अडीच मीटरची काठी. ती घेऊन कोण फिरणार? ३०० मेगाहर्ट्झवर तीच काठी २५ सेंटिमीटरची होते. पण १०० मेगाहर्ट्झच्या वरचा पट्टा त्या काळात जवळपास ओसाड होता. एवढ्या वारंवारतेवर नीट चालणारे व्हॉल्व्ह मिळणेच मुश्कील. क्लीव्हलँडमध्येच अभियांत्रिकी शिकणाऱ्या ग्रॉस यांनी नेमका तोच पट्टा धरला आणि १९३८ मध्ये, विशीत असताना, हातात धरून बोलता येईल असा संच तयार केला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. वॉकीटॉकीचा जनक एकच, असे म्हणता येत नाही. कॅनडात डोनाल्ड हिंग्ज यांनी १९३७ मध्ये वैमानिकांसाठी उचलून नेण्याजोगा रेडिओ केला होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या पाठीवर दिसणारा संच मोटोरोलाचा होता. ग्रॉस यांचे वेगळेपण त्यांनी निवडलेल्या उंच वारंवारतेत आहे.

गुप्तहेरांचा रेडिओ

हीच निवड युद्धात कामी आली. मोर्स संकेतात संदेश पाठवणारा हेर जितका वेळ हवेत, तितका धोका मोठा, कारण जर्मनांच्या गाड्या रेडिओलहरींचा माग काढत फिरत. अमेरिकेच्या ओएसएस या गुप्तचर संस्थेने ग्रॉस यांना बोलावून घेतले आणि ‘जोन-एलिनॉर’ यंत्रणेच्या कामात त्यांचा हातभार लागला. ‘जोन’ हा छोटा संच हेराकडे, ‘एलिनॉर’ वर घिरट्या घालणाऱ्या विमानात. सुमारे २६० मेगाहर्ट्झवर दोघे सरळ बोलत. एवढ्या वर जर्मन ऐकतच नव्हते आणि लहरी सरळ रेषेत जात असल्याने जमिनीवर त्या पकडणेही कठीण होते. १९४४ च्या अखेरीस ही यंत्रणा वापरात आली. तिची माहिती १९७६ पर्यंत गोपनीय राहिली, त्यामुळे या कामाचा गाजावाजा झाला नाही.

युद्धानंतर काय झाले?

अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने, एफसीसीने, ४६० ते ४७० मेगाहर्ट्झचा पट्टा नागरिकांच्या खासगी वापरासाठी राखला. त्यासाठीच्या संचाला १९४८ मध्ये पहिली मंजुरी मिळाली ती ग्रॉस यांच्या कंपनीला. एक लाखाहून अधिक संच विकले गेले. ग्राहक कोण, तर मुख्यतः शेतकरी आणि तटरक्षक दल. दुकानदार अजून यादीत नव्हते. ‘डिक ट्रेसी’ या चित्रमालिकेचे चित्रकार चेस्टर गूल्ड यांनी ग्रॉस यांच्याकडचे छोटे यंत्र पाहिले आणि त्यांच्या डिटेक्टिव्हच्या मनगटावर रेडिओ आला.

१९४९ मध्ये ग्रॉस यांनी पेजर केला आणि डॉक्टरांना दाखवला. प्रतिसाद थंड होता. रुग्ण दचकतील, आणि गोल्फ खेळताना व्यत्यय येईल, अशा तक्रारी पुढे आल्या. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयाने मात्र १९५० मध्ये तो वापरायला घेतला. तीस-चाळीस वर्षांनी तोच पेजर डॉक्टरांची ओळख बनला, हे वेगळे.

अडचण पेटंटच्या मुदतीची होती. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार पेटंट मंजुरीपासून १७ वर्षे टिके. ट्रान्झिस्टर स्वस्त होऊन खिशातल्या उपकरणांची बाजारपेठ खऱ्या अर्थाने उघडली, तोवर, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच, ग्रॉस यांच्या पेटंटची मुदत संपली होती.

दुकानातला संच कोणत्या पट्ट्यात बोलतो?

अमेरिकेत बड्या दुकानांचे वॉकीटॉकी प्रामुख्याने ४५० ते ४७० मेगाहर्ट्झदरम्यान चालतात. १९९६ मध्ये तिथे खुली झालेली विनापरवाना सेवाही ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे ग्रॉस यांच्याच जुन्या पट्ट्यात आहे. इथली पाव तरंगलांबी जेमतेम १६ सेंटिमीटर भरते आणि तार गुंडाळून अँटेना आणखी आखूड करता येते. लोखंडी रॅकच्या फटींतूनही या लहरी बऱ्यापैकी वाट काढतात. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे कमी क्षमतेचे संच २०१८ च्या नियमांनुसार परवान्याविना वापरता येतात. त्याबाहेरच्या वारंवारतेसाठी परवाना लागतो, हे ऑनलाइन स्वस्त संच मागवणाऱ्या दुकानदारांनी तपासलेले बरे.

ग्रॉस पुढे इतरांच्या कंपन्यांत नोकरी करत राहिले. २००० मध्ये त्यांना संशोधनातील जीवनगौरवासाठी लेमेल्सन-एमआयटी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी २१ डिसेंबरला ॲरिझोनात त्यांचे निधन झाले. वय ८२. तोपर्यंत ते तिथल्या एका कंपनीत अभियंता म्हणून कामावर होते.