जिगोरो कानो

तोक्यो शहरातील एका शाळेत एक किरकोळ अंगकाठीचा मुलगा शिकत होता. अभ्यासात तो हुशार होता. परंतु दांडग्या मुलांपुढे त्याचे काही चालत नसे. त्याचे नाव जिगोरो कानो. त्याचा जन्म १८६० साली मिकागे या गावी झाला. आईच्या निधनानंतर तो वडिलांबरोबर तोक्योला आला.

दुबळ्यालाही बलवानास लोळविता येईल अशी जुजुत्सू नावाची एक विद्या आहे, हे त्याच्या कानी आले. पण ती शिकविणार कोण? १८६८ नंतर जपानने पाश्चात्त्य विद्यांची कास धरली आणि ही जुनी विद्या मागे पडली. तिचे कित्येक जाणकार हाडवैद्य बनून पोट भरीत होते. जिगोरो त्या हाडवैद्यांच्या पाट्या शोधीत हिंडला. अखेर १८७७ साली त्याला हाचिनोसुके फुकुदा हे गुरू लाभले. एखादा डाव कसा करावा, असे विचारले की हे गुरू उत्तर देण्याऐवजी शिष्याला पुन्हा पुन्हा आपटीत!

आखाड्यात फुकुशिमा नावाचा एक धिप्पाड गडी होता. तो काही केल्या जिगोरोला हार जाईना. जिगोरोने सुमो कुस्तीचे डाव करून पाहिले, ते फसले. मग ग्रंथालयात जाऊन त्याने पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तके चाळली. प्रतिस्पर्ध्याला खांद्यावर आडवा उचलून टाकण्याचा एक डाव त्याला सापडला. तो त्याने मित्रांवर घोटून बसविला आणि पुढच्या लढतीत संधी दिसताच फुकुशिमाला उचलून आपटले. विचार करावयाचा तो आधीच झाला होता. आयत्या वेळी तो घुटमळता, तर त्या प्रचंड देहाखाली तोच चिरडला असता.

१८८२ साली त्यांनी एका बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत कोदोकान ही संस्था स्थापिली आणि आपल्या विद्येस ज्युदो हे नाव दिले. आदळआपटीने मंदिराची जमीन खचे; तेव्हा कानो स्वतः कंदील घेऊन खाली शिरत व ती दुरुस्त करीत.

पुढे त्यांचे तिसरे गुरू ईकुबो यांच्याशी सराव करताना त्यांना एक मर्म उमगले. मनुष्याला ढकलले की तो उलट रेटा देतो. त्याच क्षणी त्याला ओढले तर त्याचा तोल जातो. मात्र तोल सुटलेला हा काळ निमिषमात्र असतो. डाव टाकणारा कचरला की समोरचा पाय रोवून सावरतो, आणि अर्धवट टाकलेला डाव टाकणाऱ्यावरच उलटतो. पडण्याच्या भीतीनेही माणूस कचरतो. म्हणून इजा न होता कसे पडावे, हे ज्युदोत आरंभीच शिकवितात. पूर्ण विचार करावा, मग न डगमगता कृती करावी आणि कोठे थांबावे हेही जाणावे, अशी शिकवण कानो शिष्यांना देत.

कानो केवळ मल्ल नव्हते; ते शिक्षक होते आणि तोक्योच्या शिक्षक-विद्यालयाचे त्यांनी अनेक वर्षे प्रमुखपद भूषविले. १९०९ साली ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले. आशियातील ते पहिलेच सदस्य. १९३८ साली कैरो येथील समितीची सभा आटोपून परतताना ४ मे रोजी बोटीवरच त्यांचे देहावसान झाले. १९६४ साली ऑलिंपिक सामने तोक्योत भरले, तेव्हा त्यांत ज्युदोला प्रथमच स्थान मिळाले.