विश्लेषण : बुरशीशी शरीर कसे लढते? पाण्यातल्या पिसवेत उत्तर शोधणाऱ्या मेचनिकॉफ यांची गोष्ट

मे २०२१. करोनाची दुसरी लाट ओसरत होती आणि पुण्यात काळी बुरशी हे नवे नाव घराघरांत पोहोचले होते. म्युकरमायकोसिसच्या रुग्णांचे नातेवाईक ॲम्फोटेरिसिन-बीच्या कुप्यांसाठी धावाधाव करत होते. कुणाचा जबडा काढावा लागला, कुणाचा डोळा. या बुरशीचे बीजाणू हवेत आणि मातीत बाराही महिने असतात, आपण ते रोज श्वासाबरोबर आत घेतो. मग ती तेव्हाच का उलटली? या प्रश्नाचे उत्तर मिळायला सुरुवात झाली १८८४ मध्ये, डबक्यातल्या एका पारदर्शक जिवाच्या शरीरात. ते सूक्ष्मदर्शकातून पाहणारे एली मेचनिकॉफ डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते.

कोण होते मेचनिकॉफ?

जन्म १८४५ चा, आजच्या युक्रेनमधील खारकिव्हजवळच्या खेड्यातला. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत संपवला आणि बाविसाव्या वर्षी ते ओडेसाला अध्यापक झाले. बुद्धी तल्लख आणि स्वभाव तापट. १८६९ मध्ये त्यांनी ल्युडमिला यांच्याशी लग्न केले, तेव्हा क्षयाने खंगलेल्या नवरीला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले होते. चार वर्षांत ती गेली. मेचनिकॉफ यांनी मॉर्फिन घेतले. मात्रा इतकी जास्त झाली की उलटी झाली आणि जीव वाचला. १८७५ मध्ये त्यांनी ओल्गा यांच्याशी दुसरा विवाह केला. पुढे त्यांनाही विषमज्वराने गाठले. १८८१ मध्ये खचलेल्या मेचनिकॉफ यांनी उलटून येणाऱ्या तापाच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. प्रयोग की आत्महत्या, हे त्यांचे त्यांनाही नीट सांगता आले नसते. याही वेळी ते वाचले.

राजकारणाने ग्रासलेल्या विद्यापीठाचा राजीनामा देऊन १८८२ मध्ये ते कुटुंबासह इटलीत, सिसिलीतील मेसिना या गावी गेले. पोट नसलेल्या साध्या जिवांमध्ये फिरत्या पेशीच अन्न गिळून पचवतात, हे त्यांना आधीच माहीत होते. एके दिवशी घरचे सगळे सर्कशीला गेले असताना ते तारामाशाच्या पारदर्शक अळीतील अशाच पेशी पाहत बसले होते. अन्न गिळणाऱ्या या पेशी आत घुसलेल्या शत्रूलाही गिळत असतील का, असा विचार त्यांच्या मनात आला. बागेतल्या गुलाबाचे काटे आणून त्यांनी अळीत खुपसले. सकाळी पाहिले तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडला होता. या पेशींना पुढे फॅगोसाइट, म्हणजे भक्षक पेशी, असे नाव मिळाले.

बुरशी कुठे आली?

काटा काही रोगजंतू नव्हे. खरा रोग आणि खरी लढाई दाखवणे बाकी होते. ती सापडली डॅफ्निया या पाण्यातल्या पिसवेत. ही पिसू नावापुरतीच, प्रत्यक्षात कोळंबीची दूरची नातलग. लांबी एक-दोन मिलिमीटर आणि अंग काचेसारखे, त्यामुळे आतले सारे जिवंतपणीच दिसते. तिला यीस्टच्या जातीच्या एका बुरशीचा रोग होतो. या बुरशीचे बीजाणू सुईसारखे, दोन्ही टोकांना अणकुचीदार. अन्नाबरोबर ते पोटात जातात, आतड्याची भिंत भोसकतात आणि शरीराच्या पोकळीत घुसतात.

मेचनिकॉफ यांनी पुढचा प्रसंग टप्प्याटप्प्याने नोंदवला. सुईचे टोक आत डोकावले की रक्तपेशी तिला येऊन चिकटतात. एक पुरली नाही तर अनेक जणी मिळून तिला वेढतात. काही वेळाने सुईचा आकार बिघडतो, ती तपकिरी पडते आणि तिचे तुकडे होतात. अशी पिसू जगते. मात्र एखादा बीजाणू निसटून रुजला, त्याला कोंब फुटून नव्या पेशी पसरू लागल्या, तर पारडे फिरते. भक्षक पेशीच नष्ट होऊ लागतात आणि पिसू मरते. रोग म्हणजे जंतू आणि पेशी यांच्यातली झुंज, हे डोळ्यांना दिसेल असे त्यांनी दाखवले. पेशी-रोगप्रतिकाराच्या सिद्धांताची पहिली लढाई जिवाणूंशी नव्हे तर बुरशीशी होती, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्या बुरशीच्या कुळाला आज मेचनिकोव्हिया म्हणतात.

विरोध का झाला?

जर्मनीतल्या दिग्गजांना ही कल्पना पटेना. त्यांच्या मते रक्तातला द्रवच जंतूंना मारतो आणि पेशी केवळ सफाईचे काम करतात. १८९० मध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी रक्तद्रवातील प्रतिविषे दाखवल्यावर तर मेचनिकॉफ हरलेच, असे अनेकांना वाटले. ओडेसातही धड नव्हते. तिथल्या जिवाणुशास्त्र केंद्राचे प्रमुख वैद्यकाची पदवी नसलेले, म्हणून डॉक्टर नाराज. त्यात काळपुळीची लस टोचलेल्या हजारो मेंढ्या मेल्या. १८८८ मध्ये ते पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडे गेले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

त्यांच्या मागोमाग पॅरिसला आलेल्या एका विद्यार्थ्याला आपण चांगले ओळखतो. वाल्डेमार हाफकिन हे ओडेसातले त्यांचेच शिष्य. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना आधी ग्रंथालयात नोकरी मिळाली. १८९३ मध्ये ते भारतात आले आणि जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचली. त्याच वर्षी खडकीच्या लष्करी वस्तीत ती देण्यात आली आणि लस घेतलेल्यांमध्ये मृत्यू कमी आढळले. गंमत अशी, की गुरूने आयुष्य घालवले जन्मजात प्रतिकारशक्तीवर आणि शिष्याचे नाव झाले ती लशीने शिकवण्यावर. दोन्ही खरे होते. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि द्रवपक्षाचे पॉल एर्लिख यांना विभागून देण्यात आले.

आज काय ठाऊक आहे?

बहुतेक बुरशींना ३७ अंशांची उष्णता सोसत नाही, हे आपले पहिले संरक्षण. त्यातून फुप्फुसात पोहोचलेले बीजाणू तिथल्या मॅक्रोफेज या भक्षक पेशी गिळतात. रुजून तंतू झाले तर ते गिळण्याइतके लहान राहत नाहीत. तेव्हा न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावतात, विषारी रसायने सोडतात आणि प्रसंगी स्वतःच्या डीएनएचे जाळे टाकतात. शत्रू ओळखायचा कसा? बुरशीच्या भिंतीत बीटा-ग्लुकान ही साखरेची साखळी असते, ती आपल्या पेशींत नसते. भक्षक पेशींवरचा डेक्टिन-१ हा ग्राहक नेमकी तीच पकडतो. १९९६ मध्ये ज्यूल हॉफमन यांच्या गटाने टोल हे जनुक बिघडलेल्या फळमाश्या बुरशीने मरतात, असे दाखवले. त्या कामासाठी हॉफमन यांना २०११ मध्ये नोबेल मिळाले. म्हणजे इथेही पुन्हा बुरशीच!

आता २०२१ कडे वळू. रक्तातील साखर खूप वाढली की न्यूट्रोफिल मंदावतात. रक्त आम्लधर्मी झाले की प्रथिनांनी धरून ठेवलेले लोह सुटते आणि म्युकरच्या बुरशीला तेच हवे असते. स्टेरॉइडमुळे भक्षक पेशींची मारकशक्ती घटते. मधुमेह, करोना आणि स्टेरॉइड एकत्र आले, तेव्हा पिसवेत निसटलेल्या त्या बीजाणूसारखीच संधी बुरशीला मिळाली. म्हणून औषध आणि शस्त्रक्रियेबरोबर डॉक्टर आधी साखर आटोक्यात आणत होते. ॲम्फोटेरिसिन बुरशीच्या पेशीपटलाला भोके पाडते. त्याच जातीचे हॅमायसिन हे औषध कधीकाळी आपल्या पिंपरीत, हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये शोधले गेले होते. पण अशी औषधे भक्षक पेशींची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाहीत. म्हणूनच मधुमेहींनी स्टेरॉइड स्वतःच्या मनाने घेऊ नये. चेहऱ्याच्या एका बाजूला सूज, नाकात काळी खपली किंवा दृष्टी अंधूक, यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

उतारवयात मेचनिकॉफ यांना आतड्यातल्या जिवाणूंमुळेच म्हातारपण येते असे वाटू लागले आणि ते रोज आंबवलेले दूध पिऊ लागले. त्यांच्यामुळे युरोपात दह्याची लाट आली. पुणेकरांना यात नवल वाटणार नाही, पण म्हातारपणाचा तो सिद्धांत टिकला नाही. जुलै १९१६ मध्ये, महायुद्ध सुरू असताना, हृदयविकाराने पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. मृत्यूनंतर आपली आतडी नीट तपासावीत, असे त्यांनी एका सहकाऱ्याला बजावून ठेवले होते. त्यांच्या अस्थी पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत.